लोणार झालं, सिंदखेडराजा झालं. रोहिणखेडला कधी जाणार?

कॉलेजची एक दिवसाची ट्रिप म्हटलं की आपल्या जिल्ह्यात तीनच नावं निघतात. लोणार, सिंदखेडराजा, आणि परतीच्या वाटेवर नसलं तरी शेगाव. गेल्या महिन्यात मी ग्रुपवर टाकलं, "या वेळी रोहिणखेडला जाऊ." पहिला रिप्लाय आला, "तिथं काय आहे?" दुसरा आला, "मशीद आहे ना ती? मग आपण कशाला?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. रोहिणखेड मोताळा तालुक्यात, घाटाखाली. खानदेशातून दख्खनेत चढणारी जुनी वाट इथून जायची, म्हणून लढायाही इथे झाल्या. १४३७ साली बहमनी सरदार खलफ हसन बसरी याने खानदेशच्या नासिरखानाला इथेच हरवलं. पुढे वऱ्हाड निजामशाहीत गेल्यावर खुदावंतखान महदवी या सरदाराने १५८२ मध्ये इथे दगडी मशीद बांधली. साखरखेर्ड्याची लहान मशीदही त्याचीच, १५८१ ची. दोन्ही इमारती केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत आहेत. म्हणजे ताजमहालाला जो कायदा लागू, तोच यांनाही. आणि आपल्याला पत्ताही नाही!

आता दुसरा प्रश्न. "आपण कशाला?"

तुम्ही सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांच्या समाधीसमोर फोटो काढला असेल. तो फोटो पुन्हा उघडा आणि नीट बघा. कमानी दिसतील, घुमट दिसेल. लखुजीराव म्हणजे जिजाऊंचे वडील. १६२९ मध्ये दौलताबादला निजामशहाच्या दरबारात त्यांना आणि त्यांच्या मुलांना दगा देऊन मारलं. ज्या घरावर निजामशाहीने असा घाव घातला, त्या घराच्या माणसाची समाधी कमानी आणि घुमटांनीच बांधली गेली. त्यांना तो घुमट शत्रूचा वाटला नाही. इथल्या बांधकामाची ती रीतच होती. मग चारशे वर्षांनी आपण इमारती "त्यांच्या" आणि "आपल्या" अशा वाटून कशाला घ्यायच्या?

याच समाधीच्या जतनाचं काम सुरू असताना २०२४ मध्ये पुरातत्त्व विभागाला जवळच शेषशायी विष्णूची सुंदर मूर्ती सापडली. बातमी देशभर गेली, आपण सगळ्यांनी स्टोरी ठेवली. मला यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. कुणीतरी घुमटाच्या इमारतीची डागडुजी करत होतं, म्हणून विष्णू सापडला. एका वारशाची काळजी घेतली की दुसऱ्याचंही भलं होतं.

पण यादीत नाव आलं म्हणजे इमारत वाचली, असं नाही. २०२४ मध्येच पुरातत्त्व विभागाने देशातली १८ स्मारकं यादीतून काढायला घेतली. त्यात दिल्लीतलं बाराखंबा कब्रस्तान होतं, हरियाणातल्या मुजेसरचा कोसमिनार होता. यातल्या बऱ्याच जागा शोधूनही सापडत नव्हत्या, वाढत्या शहरांनी गिळल्या होत्या. बॉम्ब पडला नाही, कुणी हल्ला केला नाही. बघायला कुणी गेलंच नाही, एवढंच.

दगडी इमारत मरते तीही अशीच हळूहळू. सांध्यात पिंपळाचं रोप उगवतं, पाणी मुरतं. मग कुणीतरी चांगल्या हेतूने सिमेंट थापतं. जुना चुना पाणी बाहेर सोडतो, सिमेंट ते आत अडवतं. क्षार साठतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. भिंतीवर बदाम कोरून नाव लिहिणारे आपल्याच वयाचे असतात, हेही कबूल करू. स्मारकाचं नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं कायदा सांगतो. पण कायदा राबवायला जागेवर माणूस लागतो.

गावकऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. घरात सून आली, खोली वाढवायची आहे, तर काय करायचं? स्मारकामुळे गावाच्या वाट्याला फक्त मनाई येत असेल, तर गावाने त्यावर प्रेम का करावं? नुसता बोर्ड लावून सरकारचं काम संपत नाही. स्वच्छतागृह, माहितीचा मराठी फलक आणि गावातल्याच पोरांना गाईडचं प्रशिक्षण, एवढं दिलं तरी चार घरांना त्या इमारतीचा आधार वाटेल.

"इथे नोकऱ्या नाहीत आणि तुला दगडांचं पडलंय," असं कुणी म्हणेलच. मलाही नोकरी नाही, इंटर्नशिप आहे. पण लोणारला येणारा माणूस आपल्या जिल्ह्यात आणखी एक दिवस थांबला, तर त्याचं जेवण आणि रिक्षाभाडं आपल्याच माणसाच्या खिशात जाणार ना?

म्हणून तुम्हाला एक साधं काम सांगते. या पावसाळ्याआधी रोहिणखेडला किंवा साखरखेर्ड्याला जा. गावातल्या मोठ्या माणसांना विचारून आत जा, चपला बाहेर काढा. चार ठरावीक जागांवरून फोटो काढा आणि तारीख लिहून ठेवा. पावसाळा संपल्यावर त्याच जागांवरून पुन्हा काढा. नवी भेग किंवा रोप दिसलं, तर दोन्ही फोटो जोडून पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला लिहा आणि एक प्रत ग्रामपंचायतीला द्या. रील केली तरी चालेल, पण पत्र आधी.

आमच्या ग्रुपमधून आतापर्यंत चौघं तयार झालेत. "आपण कशाला?" विचारणारा पाचवा आहे. गाडी त्याचीच आहे, त्यामुळे त्याला यावंच लागेल.