शहराचा गाभा जपला पाहिजे

शहराची थोरवी त्याच्या लोकसंख्येवरून मोजण्याची सवय आपल्याला जडली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूरची वस्ती सुमारे साडेपाच लाख होती. मुंबई-पुण्यापुढे हा आकडा किरकोळच म्हणावयाचा. तथापि सीपीआर रुग्णालयापासून भाऊसिंगजी रस्त्याने भवानी मंडप आणि पुढे खासबाग एवढे अंतर पायी चालले, तर जे वैभव दृष्टीस पडते ते कितीतरी मोठ्या शहरांतही एकत्र आढळत नाही.

या वैभवाचे मर्म केवळ दगडी कमानींत नाही. मेजर मँट यांच्या आराखड्यानुसार उभा राहिलेला टाऊन हॉल (१८७२-७६) आज वस्तुसंग्रहालय आहे. त्यांच्याच आराखड्याची रुग्णालयाची इमारत आजही रुग्णांच्या सेवेत आहे. राजर्षी शाहूंच्या कारकीर्दीत १९१२ साली खासबागेचे कुस्ती मैदान झाले आणि १९१५ साली पॅलेस थिएटर. दसरा चौकाच्या परिसरातील वसतिगृहे खेड्यापाड्यांतील मुलांसाठी निघाली. रुग्ण, मल्ल, विद्यार्थी आणि नाट्यरसिक यांना शहराच्या मध्यावर हक्काची जागा असावी, ही या रचनेमागील दृष्टी होय.

अशी दृष्टी गमावल्यावर काय होते, हे अमेरिकेने अनुभवले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील अनेक शहरांची मध्यवस्ती ओस पडली. जुन्या इमारती पाडून मोटारी उभ्या करण्याची मैदाने करण्यात आली. दक्षिण कॅरोलिनातील ग्रीनव्हिल हे जेमतेम सत्तर हजार वस्तीचे गाव. त्याने १९७० च्या दशकाअखेर उलटी वाट धरली. मुख्य रस्ता चार पदरांवरून दोन पदरांवर आणला, पदपथ रुंद केले, झाडे लावली. आज ती मध्यवस्ती पाहावयास लोक लांबून येतात.

कोल्हापूरची मध्यवस्ती ओस पडलेली नाही. तिचे दुखणे गुदमरण्याचे आहे. महाद्वार रस्त्यावर पादचाऱ्याला अंग चोरून चालावे लागते आणि वाहनांच्या रांगांमागे इमारती झाकून जातात. त्यात ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजेच जुने पॅलेस थिएटर, आगीत भस्मसात झाले. ती रात्र केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येची होती. शंभर वर्षे टिकलेली वास्तू एका रात्रीत जाते, तेव्हा वारशाचा अभिमान आणि वारशाची देखभाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तरी उमगावयास हवे.

आशेला जागा आहे. सहा जिल्ह्यांतील वकिलांच्या दीर्घ आंदोलनानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सीपीआरसमोरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झाले. जुनी वास्तू नव्या कामाला येते, याचा याहून चांगला दाखला कोणता? मात्र त्यामुळे वर्दळही वाढणार. म्हणूनच वाहनतळ गाभ्याच्या बाहेर हलवावेत, मंदिर ते खासबाग हा टापू पादचाऱ्यांसाठी मोकळा करावा आणि प्रत्येक सार्वजनिक वास्तूची अग्निसुरक्षा नियमाने तपासली जावी. गिऱ्हाईक तुटेल ही व्यापाऱ्यांची धास्ती समजण्यासारखी आहे. परंतु दुकानात शिरतो तो पायी चालणाराच.

शाहूंनी वारसा सांभाळून ठेवण्यासाठी नव्हे, लोकांनी वापरण्यासाठी दिला. तो वापरण्याजोगा ठेवणे, एवढे तरी आपल्या पिढीचे कर्तव्य ठरते.