भरायचं वांगं आतून साफ पाहिजे

इटलीहून अमेरिकेत गेलेल्या लोकांचा वांग्याचा एक प्रकार आहे, रोलाटिनी. वांग्याचे लांब पातळ काप, त्यात चीज भरून गुंडाळायचे अन् ओव्हनमध्ये भाजायचे. आपल्या वऱ्हाडात भरली वांगी. दोन्हीकडं चिरल्याशिवाय भरता येत नाही, अन् चिरलं की अळी दिसते. अकोला-अमरावतीच्या बाजारात गिऱ्हाईक हेच पाहते. म्हणून तोड्याच्या आदल्या दिवशी फवारा मारणारे लय आहेत. पण काहून? शेंडा व फळ पोखरणारी अळी एकदा आत शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. ते राहते सालीवर, अन् भरलं वांगं आपण सालीसकट खातो.

माझं मत साफ आहे: आधी हात, मग पंप. दर आठवड्याला सुकलेले शेंडे अळीसकट खुडा. किडकी फळं धुऱ्यावर फेकू नका, खोल पुरा. कामगंध सापळे लावा, सुरुवातीलाच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. रासायनिक मारलंच, तर लेबलवरचे दिवस मोजूनच तोडा करा. अन् हे एकट्याचं काम नाही भाऊ, पतंग धुरा ओळखत नाही. शेजाऱ्यालाही सोबत घ्या.