चिमी व्हायचंय? आधी हे वाचा

२३ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीत चिमुकली त्रिशा ठोसर साडी नेसून राष्ट्रपतींच्या हस्ते राष्ट्रीय पुरस्कार घ्यायला गेली, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. ‘नाळ २’मधली ही चिमी पाहून रायपुरातल्या आईबाबांनाही वाटेल, आपल्या लेकीला ऑडिशनला न्यावं.

जरूर न्या, पण बालकलाकारांसाठीचे केंद्र सरकारचे नियम माहीत असू द्या. दिवसाला ५ तासांहून जास्त काम नाही. ३ तासांनी विश्रांती हवीच. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त शूटिंग नाही. कमाईतले किमान २० टक्के तिच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जमा व्हायला हवेत.

आणि मनाविरुद्ध काम करून घेता येत नाही. लेक ‘आज नको’ म्हणाली, तर पॅकअप!