उसने डोळे

दुसऱ्याच्या जागी उभे राहून जग पाहावे, ही मनुष्याची इच्छा फार जुनी आहे. शाहीर डफावर थाप मारून गडाचे वर्णन करू लागला, की पारावर बसलेला श्रोता मनाने गडाचा कडा चढू लागतो. पुढे आकाशवाणी आली. बाळ ज. पंडित मराठीतून क्रिकेटच्या सामन्याचे धावते वर्णन करीत, तेव्हा मैदानापासून कितीतरी दूर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे खेळपट्टी उभी राही. त्यानंतर दूरचित्रवाणीने प्रत्यक्ष चित्रच घरात आणले. आता त्याच्याही पुढचे पाऊल पडले आहे. खेळाडूच्या कपाळावर, छातीवर किंवा हेल्मेटमध्ये एक लहानसा कॅमेरा बसवितात. त्यातील चित्र बिनतारी लहरींच्या द्वारे मैदानाबाहेरील यंत्राकडे जाते, तेथून प्रक्षेपण केंद्राकडे आणि काही क्षणांतच ते आपल्या घरी पोहोचते. खेळाडूला जे दिसते, ते आपल्यालाही दिसू लागते.

ही केवळ कल्पना नव्हे. जुलै २०२२ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे भारत व इंग्लंड ह्यांच्यात कसोटी सामना झाला. त्यात फलंदाजाच्या अगदी जवळ क्षेत्ररक्षण करणाऱ्या ऑली पोप ह्या इंग्रज खेळाडूच्या हेल्मेटमध्ये असा कॅमेरा होता. फॉर्म्युला वन ह्या मोटारींच्या शर्यतीत २०२३ पासून चालकांच्या हेल्मेटमध्ये डोळ्यांच्या शेजारी तो बसविलेला असतो. २०२५ साली अमेरिकेत झालेल्या फुटबॉलच्या क्लब विश्वचषक स्पर्धेत पंचांनीही कानाजवळ कॅमेरे लावले होते. हे सारे कौतुकास्पद आहे, ह्यात शंका नाही. ज्याला मैदानाची पायरी कधी चढता आली नाही, त्याला आता मैदानाच्या मध्यभागी उभे राहता येते.

ह्यावरून काही लोक असे म्हणू लागले आहेत, की आता प्रेक्षक आणि खेळाडू ह्यांत अंतरच उरले नाही. खेळाडूचा अनुभव आपल्याला घरबसल्या मिळतो. हे मत मला मान्य नाही. आपल्या मराठी भाषेत ‘डोळा’ आणि ‘नजर’ असे दोन निराळे शब्द आहेत. सोनार दागिना नजरेने पारखतो, शेतकरी नजरेने पिकाची तहान ओळखतो. डोळे सर्वांनाच असतात. नजर मात्र कमवावी लागते. कॅमेरा आपल्याला खेळाडूचे डोळे उसने देतो. त्याची नजर देत नाही.

विद्यार्थी मित्रहो, ह्याची प्रचिती तुम्हाला आत्ताच घेता येईल. ह्या ओळीतील एका शब्दावर दृष्टी स्थिर करा आणि ती तसूभरही न हलविता पानाच्या कडेचे शब्द वाचून पाहा. वाचता येणार नाहीत. हात लांब करून धरला असता अंगठ्याचे नख जेवढे दिसते, साधारण तेवढाच भाग आपल्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसतो. बाकीचे सारे अंधुक असते. म्हणून कोठे पाहायचे हे क्षणोक्षणी निवडावे लागते. उत्तम खेळाडूची निवड अचूक असते. कॅमेऱ्याला निवड ठाऊक नाही. त्याच्या लेखी चेंडू, गवत आणि प्रेक्षकांच्या टोप्या सारख्याच महत्त्वाच्या.

दुसरी गोष्ट अशी, की आपण धावतो तेव्हा मस्तक सारखे हलत असते, तरीही जग हलताना दिसत नाही. आपल्या कानाच्या आतील भागात तोल सांभाळणारे एक नाजूक इंद्रिय आहे. मस्तक एका बाजूस वळले, की ते डोळ्यांना तत्काळ दुसऱ्या बाजूस वळविते आणि दृश्य स्थिर राखते. धावत्या माणसाच्या कपाळावरील कॅमेऱ्याजवळ असे इंद्रिय नसते, म्हणून त्याचे चित्र हिंदकळते. ते यंत्राच्या साहाय्याने स्थिर करावे लागते. एवढे करूनही पाहणाऱ्याला कधी कधी घेरी येते, कारण डोळे सांगतात ‘आपण धावत आहोत’ आणि कान सांगतो ‘आपण तर बसलो आहोत’. शरीर असे साक्ष देते, की हा अनुभव उसना आहे.

आता त्याच बर्मिंगहॅम नगरीत एका महिन्याने घडलेली दुसरी घटना पाहू. ६ ऑगस्ट २०२२ रोजी तेथे राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेतील तीन हजार मीटरची स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत झाली. १९९८ पासून ह्या शर्यतीची तिन्ही पदके प्रत्येक वेळी केनियाच्या धावपटूंनीच नेली होती. त्या परंपरेला छेद दिला तो बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचे अविनाश साबळे ह्यांनी. ८ मिनिटे ११.२० सेकंदांत शर्यत पुरी करून त्यांनी रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक हुकले ते केवळ ०.०५ सेकंदाने. पापणी लवण्यासही ह्याहून अधिक वेळ लागतो!

त्यांच्या कपाळावर कॅमेरा नव्हता, आणि असूही शकला नसता. कारण धावण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत धावपटूने चित्रमुद्रणाचे वा बिनतारी यंत्र जवळ बाळगणे नियमाविरुद्ध आहे. परंतु क्षणभर तो होता असे समजू. ह्या शर्यतीत अठ्ठावीस वेळा अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. पुरुषांच्या शर्यतीतील अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच असतो आणि तो इतका भक्कम असतो, की धक्का लागला तर धावपटू पडतो, अडथळा पडत नाही. पाण्याचा खड्डा ३.६६ मीटर लांब असतो. कॅमेऱ्यात आपल्याला पुढच्या धावपटूंच्या पाठी दिसल्या असत्या आणि त्यांच्या आडून एकाएकी समोर आलेला अडथळा दिसला असता. परंतु तो एकाएकी आला तो आपल्याला. साबळे ह्यांना नव्हे. काही पावले आधीच अंतर जोखून, कोणता पाय टेकवायचा, केव्हा उसळी घ्यायची, हे त्यांनी ठरविलेले असते. हा जोखण्याचा व्यापार कोणत्याही चित्रात उमटत नाही.

पुढच्याच वर्षी, १ ऑक्टोबर २०२३ रोजी, चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी ८ मिनिटे १९.५० सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. त्या दिवशी ते इतरांना खूप मागे टाकून अखेरीस जणू एकटेच धावत होते. तेथे कॅमेऱ्यात काय दिसले असते? मोकळी धावपट्टी! जो क्षण पाहण्यास सर्वांत मोलाचा, त्यात पाहण्याजोगे काहीच नसते. त्या मोकळ्या धावपट्टीचा अर्थ कळण्यासाठी लहानपणी शाळेसाठी तुडविलेली सहा किलोमीटरची वाट आणि सैन्यात दाखल झाल्यावर सियाचीनच्या बर्फात घालविलेले दिवस ठाऊक असावे लागतात.

आपल्या मातीतील खो-खोचेही असेच आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तीत मूळच्या बीड जिल्ह्यातील प्रियंका इंगळे ह्यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळवर ७८–४० असा विजय मिळविला. पाटीत बसलेल्या खेळाडूच्या कपाळावर कॅमेरा लावला, तर तो समोरचे मैदान दाखवील. परंतु ‘खो’ येतो तो पाठीमागून! पाठीवर पडलेली थाप आणि कानी आलेला तो एक शब्द, एवढ्यावर खेळाडू बाणासारखा सुटतो. पाठीला झालेला तो स्पर्श दाखविणारा कॅमेरा अद्याप निर्माण झालेला नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, “मग हा कॅमेरा निरुपयोगीच समजायचा काय?” मुळीच नाही. ज्या खेड्यात प्रशिक्षक नाही, तेथील मुलाला उत्तम खेळाडू कोठे उभा राहतो, मान केव्हा वळवितो, हे त्यातून पाहता येईल. सरावाच्या वेळी खेळाडूला आपल्याच चुका पुन्हा पाहून सुधारता येतील. पंचाने दिलेला निर्णय किती घाईच्या क्षणी द्यावा लागतो हे कळले, तर प्रेक्षकांची जीभही थोडी आवरेल. फक्त दोन पथ्ये पाळली पाहिजेत. खेळाडूची संमती नसताना कॅमेरा त्याच्या अंगावर लादू नये. आणि तो जायबंदी होऊन पडला वा पराभवाने व्याकूळ झाला, तर ते दृश्य जगापुढे मांडू नये. खेळाडू आपला खेळ लोकांना देतो, आपले सारे अंतरंग नव्हे.

तथापि माझी खरी चिंता खेळाडूंविषयी नसून तुमच्याविषयी आहे. सायंकाळी गावातून फेरी मारली, तर ओट्यावर एका फोनभोवती सात-आठ मुले डोकी जुळवून बसलेली दिसतात आणि पलीकडे शाळेचे मैदान ओस पडलेले असते. उसन्या डोळ्यांची ही सोय जसजशी वाढेल, तसतसे ‘आपण खेळलोच’ असे खोटे समाधान मिळू लागेल. त्या समाधानाला मुलांनी भुलू नये. ज्याने एकदा तरी बांधावरून उडी मारताना पाय चुकवून गुडघा फोडून घेतला आहे, त्यालाच साबळे ह्यांच्या प्रत्येक उडीचे मोल कळेल. जो पाटीत बसला आहे, त्यालाच ‘खो’च्या चित्रात ती न दिसणारी थाप जाणवेल. खेळ नीट पाहण्यासाठीसुद्धा आधी थोडा खेळावा लागतो.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की हा नवा कॅमेरा अवश्य पाहा, पण आधी मैदानावर जा. धावा, धडपडा, दमा. मग सामना पाहावयास बसा. डोळे कॅमेरा देईल. नजर तुमची तुम्हीच न्यायला हवी.