रेघ सरकवा, शाळा लाटा!

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात शाळांना 'ए' ते 'एफ' असे दर्जे लावले जातात आणि तो तक्ता आईबापांच्या हाती ठेवून सरकार म्हणते, 'घ्या निवडून!' या बहुतेक सगळ्या चार्टर शाळा. पैसा जनतेचा, कारभार खासगी मंडळांचा. तेथले राज्यकर्ते याला पालकांचे स्वातंत्र्य म्हणतात. आम्ही याला लबाडी म्हणतो! प्रत्येक मुलाला घराजवळ चांगली शाळा देणे हे ज्याचे कर्तव्य, त्या सरकारने तुलनेचे लोढणे पालकांच्या गळ्यात अडकवून स्वतः अंग काढून घेतले आहे.

हे घडले कसे? 2005 च्या ऑगस्टात कतरिना वादळाने शहर बुडाले. घराघरांतला चिखल उपसून झाला नव्हता, तोच नोव्हेंबरात या शहराच्या लुइझियाना राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून नापास शाळा ठरवण्याची रेघच वर सरकवली. काल तगलेल्या शाळा आज नापास! शंभरावर शाळा राज्याने गिळल्या आणि पुढे चार्टर मंडळांची चांदी झाली. सात हजारांहून अधिक शिक्षक व कर्मचारी घरी बसवले गेले. त्यांत मोठा भरणा कृष्णवर्णीय स्त्रियांचा. न्यायासाठी झगडलेल्या या माणसांना 2014 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही रिकाम्या हाती परत पाठवले. आणि अर्थपंडित मिल्टन फ्रीडमन यांना या प्रलयात शिक्षणसुधारणेची संधी दिसली होती!

'पण मुलांचे गुण वाढले ना?' वाढले, आम्ही ते नाकारत नाही. पण प्रशासनावरचा खर्च फुगला आणि प्रत्यक्ष शिकवण्यावरचा घटला, हेही त्याच दमात सांगा की! अपंग मुलांना शाळा दारातूनच परतवतात, अशी तक्रार 2010 मध्ये न्यायालयात गेली, तीही सांगा. अवघड मूल टाळणाऱ्या शाळेचा आकडा सुधारणारच. याच शहरातल्या जॉन एफ. केनेडी हायस्कूलने 2019 मध्ये थाटात पदवीदान उरकले. मागाहून चौकशीत निघाले की जवळपास निम्म्या मुलांनी आवश्यक अटी पुऱ्याच केल्या नव्हत्या. मुले फसली, पालक फसले. दर्जाच्या तक्त्यात हे आधी कुणाला दिसले?

महाराष्ट्राने हे परक्याचे दुखणे समजू नये. 2023 च्या सप्टेंबरात आपल्या सरकारनेही 'दत्तक शाळा' योजना काढून देणगीदाराचे नाव सरकारी शाळेला जोडण्याची वाट मोकळी केली. त्याच महिन्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याची भाषा सुरू झाली. कारभार अजून हातचा सुटलेला नाही, पण पाय त्याच उताराला लागले आहेत. वाडीवरचे पोर ओढा ओलांडून समूह शाळेत कसे पोहोचेल, याचे उत्तर मंत्रालयाने आधी द्यावे!

न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी शाळा मंडळाला 2024 मध्ये जाग आली आणि त्याने लीआ चेस ही एक शाळा उघडून स्वतः चालवायला घेतली. एका शाळेने एवढ्या पापाचे क्षालन होत नाही. मतदारांना जाब देणारी सरकारी शाळा वस्तीवस्तीत उभी करा. मग खुशाल तुलनेचे तक्ते छापा, आणि त्यात पहिला दर्जा सरकारला लावा!