पाहुणचार आणि लोकसत्ता

परदेशस्थ पुढारी आला की त्यास हारतुरे घालावे, मेजवानी द्यावी व निरोप द्यावा, अशी रूढी सर्वत्र आहे. अशा पाहुण्यास यजमान राष्ट्राचे दिवाणखाने दिसतात, राष्ट्र दिसत नाही. अमेरिकेने १९९९ साली या रूढीस चांगला फाटा दिला. विधिमंडळाने द्रव्य दिले, त्याच्या ग्रंथालयाचे प्रमुख जेम्स बिलिंग्टन यांनी पुढाकार घेतला, आणि रशियातील तरुण पुढारी लहानमोठ्या गावांत सामान्य नागरिकांच्या घरी उतरले. पुढे युक्रेन आदि देशांचेही लोक आले. दिवसा न्यायालय व नगरसभा पाहावी, रात्री यजमानाच्या पंक्तीस बसून शंका विचाराव्या, असा हा क्रम.

कोणी म्हणेल, हा गोड बोलून आपला पक्ष गळी उतरविण्याचा डाव आहे. आक्षेप अगदीच निराधार नाही. सरकारचा पैसा निर्हेतुक खर्च होत नसतो. शिवाय एवढ्या पाहुणचारानंतरही २०२२ साली रशियाने युक्रेनवर मोठी स्वारी केलीच. पाहुणचाराने युद्धे टळतात असे आमचे म्हणणेही नाही. परंतु घरची माणसे सरकारचे भाट नसतात. कर भरणारा गृहस्थ पाहुण्यादेखत आपल्या नगरसभेस नावे ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी निर्धास्तपणे कामावर जातो, हा धडा कोणत्या व्याख्यानाने मिळणार?

आमच्या गावांनीही हा मार्ग अवश्य अनुसरावा. मात्र ज्या घराचा उंबरठा जातीमुळे शेजाऱ्यासच बंद आहे, त्या घराने परक्यास समतेचे पाठ देऊ नयेत. दार प्रथम शेजाऱ्यास उघडावे.