शून्य कसोट्यांचा खेळाडू

क्रिकेटमधील थोरांच्या यादीत कोण असावे आणि कोण नसावे, हा वाद साहित्याच्या अभ्यासकाने पानाच्या ठेल्यावरचा म्हणून सोडून द्यावा, असे आम्हांस वाटत नाही. अभ्यासक्रमात कोणता लेखक लावायचा, वाङ्मयेतिहासात कोणाला प्रकरण द्यायचे आणि कोणाची तळटिपेत बोळवण करायची, हा आपल्या धंद्यातला वाद आणि तो वाद मुळात एकच आहेत. दोन्हीकडे निकष आधी सांगितला जातो आणि नावे मागाहून येतात, असा देखावा असतो. प्रत्यक्षात अनेकदा नावे आधी ठरतात व निकष त्यांच्या मापाने बेतला जातो.

प्रस्तुत लेखाचा विषय पालवणकर बाळू यांचा आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या हॉल ऑफ फेममध्ये बाळूंचे नाव नाही. का नाही, असे विचारले की ठरलेले उत्तर येते : ते एकही कसोटी सामना खेळले नाहीत. उत्तर खरे आहे. भारताला कसोटीचा दर्जा मिळाला तो १९३२ साली. तेव्हा बाळूंचे वय पंचावन्नच्या पुढे होते. म्हणजे जो दरवाजा अस्तित्वातच नव्हता त्यातून ते आत आले नाहीत, एवढाच या उत्तराचा अर्थ. आमच्या प्राध्यापक-कक्षातील काही मित्रांना हे उत्तर पुरेसे वाटते. आम्हांस वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सविस्तर सांगणे आवश्यक आहे. कारण हे मित्र अडाणी नाहीत, आकडे त्यांना आमच्यापेक्षा अधिक पाठ आहेत.

तेव्हा आकड्यांपासूनच सुरुवात करू. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघाने पुष्कळ सामने गमावले. त्या पडझडीत बाळूंनी संपूर्ण दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. दुखऱ्या खांद्याने. समोर इंग्लंडच्या कौंट्यांचे सराईत फलंदाज होते, आणि कसोटीचे मैदान नसले तरी तेच फलंदाज कसोटीही खेळत असत. प्रथम श्रेणीच्या एकूण ३३ सामन्यांत बाळूंचे १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१. पुण्याच्या क्लबात खेळपट्टी राखण्याचे व जाळ्यात साहेबांना गोलंदाजी करण्याचे काम करता करता हा माणूस डावखुरी फिरकी शिकला. जे. जी. ग्रेगसारखा फलंदाज त्यांच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करी. बाळूंच्या हाती बॅट मात्र क्वचितच येई. फलंदाजी हे साहेबांचे काम.

पुढची हकीकत रामचंद्र गुहा यांच्या २००२ सालच्या ग्रंथामुळे आता बरीच परिचित झाली आहे. पुण्याच्या हिंदू खेळाडूंना साहेबांच्या संघाला हरवायचे होते, म्हणून त्यांनी चांभाराच्या या मुलाला मैदानात घेतले; चहाच्या वेळी मात्र त्याचा चहा तंबूबाहेर मातीच्या भांड्यात आणि जेवण वेगळ्या ठिकाणी. चेंडू सर्वांनी हाताळलेला चाले, कप चालत नसे. या विसंगतीवर आमच्याकडील वर्गात दरवर्षी हशा पिकतो आणि मग वर्ग गप्प होतो. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांचा पराभव केला, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. कर्णधारपद तरीही त्यांना मिळाले नाही. १९२० साली या प्रश्नावरून विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी संघातून अंग काढून घेतले, तेव्हा कुठे बाळूंकडे उपकर्णधारपद आले. विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले ते १९२३ साली.

आता निकषाकडे वळू. कसोटी सामन्यांची संख्या हाच जर खरोखर निकष असेल, तर बॅरी रिचर्ड्‌स या यादीत कसे? दक्षिण आफ्रिकेचा हा सलामीचा फलंदाज १९७० साली चार कसोटी सामने खेळला, ५०८ धावा केल्या, आणि त्यानंतर वर्णद्वेषी राजवटीमुळे त्याच्या देशावर बहिष्कार पडला. २००९ साली हॉल ऑफ फेम स्थापन झाला त्या पहिल्याच तुकडीत त्याचे नाव आहे. आमचा त्यास विरोध नाही. त्याची फलंदाजी पाहिलेल्यांनी ती अद्वितीय मानली आहे आणि राजकारणाने त्याची कारकीर्द हिरावली हेही खरे. परंतु हे मान्य केले म्हणजे दोन गोष्टी मान्य झाल्या. एक, कसोट्यांचा आकडा हा उंबरठा नसून सोय आहे. दोन, इतिहासाने ज्याची संधी हिरावली त्याचे मोल कसोटीबाहेरच्या खेळावरून करता येते. मग गोऱ्या खेळाडूचे करता येते ते चांभार खेळाडूचे का करता येऊ नये? चार आणि शून्य यांत एवढे अंतर आहे काय? रिचर्ड्‌सची संधी ज्या व्यवस्थेपायी गेली ती त्याच्या स्वतःच्या वर्णाची होती. बाळूंच्या वाट्याला दोन व्यवस्था आल्या, साहेबाची आणि आपली.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. २०२१ साली कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याच्या निमित्ताने परिषदेने क्रिकेटच्या इतिहासाचे पाच कालखंड पाडले आणि प्रत्येकातून दोघांना प्रवेश दिला. विनू मंकड यांचे नाव त्याच वेळी आले. दोन महायुद्धांमधल्या कालखंडातून लिअरी कॉन्स्टंटाइन आले. त्यांच्या कसोट्या १८, बळी ५८, धावा ६३५. नुसत्या आकड्यांवर ही निवड टिकत नाही हे शेंबडे पोरही सांगेल. कॉन्स्टंटाइन यांची थोरवी त्यांच्या क्षेत्ररक्षणात, लँकशायर लीगमध्ये आणि कृष्णवर्णीय माणसाने इंग्लंडमध्ये ताठ मानेने कसे खेळावे याचा वस्तुपाठ घालून देण्यात आहे. निवड योग्यच. आणि १९१८ पूर्वीच्या कालखंडातून? ऑब्री फॉकनर आणि माँटी नोबल. दोघेही निःसंशय मोठे. परंतु बाळू याच कालखंडातले आहेत, आणि ती यादी करणाऱ्यांपुढे त्यांचे नाव येऊ शकत नव्हते. कारण कालखंड पाचही कसोटी क्रिकेटचे होते. इतिहासाचे भाग पाडतानाच कोण बाहेर राहणार हे ठरून जाते. वाङ्मयेतिहासाच्या विद्यार्थ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

अमेरिकेत बेसबॉलच्या बाबतीत हाच प्रश्न अर्ध्या शतकापूर्वी उभा राहिला होता. तेथे कूपर्सटाउन या गावी थोर खेळाडूंचे दालन आहे; पहिली निवड १९३६ सालची. काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगमध्ये १९४७ पर्यंत प्रवेशच नव्हता, ते आपल्या निग्रो लीगमध्ये खेळत. जॉश गिब्सन हा त्यांतला थोर फलंदाज १९४७ च्या जानेवारीत वारला. जॅकी रॉबिन्सनने वर्णभेदाची भिंत ओलांडली ती त्याच वर्षीच्या एप्रिलात. १९६६ साली टेड विल्यम्स या गोऱ्या खेळाडूला दालनात प्रवेश मिळाला, तेव्हा स्वतःच्या सत्काराच्या भाषणात त्याने सॅचेल पेज आणि गिब्सन यांची नावे घेतली व त्यांना संधी नाकारली गेली म्हणून ते येथे नाहीत असे बजावले. १९७१ साली पेजची निवड झाली. पण कशी? निग्रो लीगवाल्यांसाठी एक स्वतंत्र विभाग करावा, अशी योजना होती. त्यावर ओरड झाली आणि पेजला इतरांच्या बरोबरीने मुख्य दालनात घ्यावे लागले. पुढे २०२० साली निग्रो लीगना मोठ्या लीगचा दर्जा देण्यात आला, २०२४ साली त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत सामावले गेले, आणि कारकीर्दीतील फलंदाजीच्या सरासरीत टाय कॉबच्या ०.३६७ च्या वर गिब्सनचे ०.३७२ जाऊन बसले.

स्वतंत्र विभागाची ती योजना वाचताना आम्हांस आपल्याच पाठ्यपुस्तकांची अनुक्रमणिका आठवते. मराठी कथेचा विकास प्रकरणामागून प्रकरण चालत येतो आणि शेवटी ‘दलित साहित्य’ नावाची वेगळी खोली लागते. बाबुराव बागुलांची १९६३ सालची कथा नवकथेनंतरच्या कथेत का बसत नाही, हे विचारण्याची पद्धत नाही. खोली दिली, म्हणजे घर दिल्यासारखे वाटते.

आमच्या मित्रांचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. ते म्हणतात, बाळूंना घेतले की मग थांबणार कोठे? शिवलकर का नकोत? पद्माकर शिवलकरांचे प्रथम श्रेणीतील बळी ५८९ आहेत. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात त्यांनी मद्रासमध्ये तमिळनाडूचे पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले. तेही शून्य कसोट्यांचेच खेळाडू. सुनील गावसकरांनी आपल्या आवडत्या खेळाडूंवरील पुस्तकात त्यांना स्थान दिले, मंडळाने २०१७ साली सी. के. नायडू जीवनगौरव दिला, आणि २०२५ च्या मार्चमध्ये ते गेले तेव्हा शिवाजी पार्कपासून आमच्या डोलवीपर्यंत हळहळ व्यक्त झाली. शिवलकरांवर आमचेही प्रेम आहे. पण हा प्रश्न निराळा. शिवलकरांच्या काळी दरवाजा होता, उघडाही होता. त्यांच्यापुढे बिशनसिंग बेदी उभे होते. ते दुर्दैव होय, अन्याय म्हणायचे तर निवडसमितीच्या विवेकाचा. बाळूंचे तसे नाही. दोन्ही दुःखांना एकाच पोत्यात भरले की बाळूंचे दुःखही नशिबाच्या खात्यावर जमा होते, आणि तेच काहींना हवे असते.

शिवाय कसोटी खेळलेल्यांतले आपले बाकीचे विसरून कसे चालेल? सांगलीत जन्मलेल्या विजय हजाऱ्यांची कसोटी सरासरी ४७.६५, ॲडलेडला १९४८ साली ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतके, आणि १९५२ साली मद्रासला भारताचा पहिला कसोटी विजय त्यांच्याच नेतृत्वाखाली. सुभाष गुप्ते यांचे ३६ कसोटींत १४९ बळी. २०२५ पर्यंतच्या यादीत या दोघांचीही नावे नाहीत. त्यांच्यासाठी नवा निकष नको; आहे तोच नीट वापरला तरी पुरे.

राहिला पुराव्याचा प्रश्न. बाळूंच्या काळच्या नोंदी तुटपुंज्या, तेव्हा मोठेपण ठरवावे कसे, असे म्हणतात. आमच्या भागात भात कापून झाले की रिकाम्या शेतांत टेनिस चेंडूच्या स्पर्धा रंगतात. ध्वनिक्षेपकावरून पुकारलेली धावसंख्या दुसऱ्या दिवशी खाडीच्या वाऱ्याबरोबर जाते. त्या खेळाडूंविषयी हा आक्षेप आम्ही मान्य करू. बाळूंविषयी नाही. त्यांचे धावफलक छापील आहेत. एवढेच नव्हे, विठ्ठल पालवणकरांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी आत्मचरित्र १९४८ सालचे आहे. म्हणजे ‘बलुतं’च्या तीस वर्षे आधीचे. आमच्या पाहण्यातल्या कोणत्याही एम. ए.च्या अभ्यासक्रमात आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराखाली ते लावलेले नाही. क्रीडाविषयक म्हणून साहित्यात नाही, आणि मराठी म्हणून क्रिकेटच्या इंग्रजी ग्रंथप्रेमींच्या हाती नाही.

एक अडचण आम्ही लपवणार नाही. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या वतीने डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. त्यामुळे त्यांचे नाव घेताना काहींना अवघडल्यासारखे होते आणि ज्यांनी हिरिरीने घ्यावे तेही हात आखडता घेतात. पण दालन खेळाचे आहे. रणजितसिंहजी १५ कसोट्या खेळले त्या सगळ्या इंग्लंडकडून, भारताकडून एकही नाही. तरी १९३४ पासून आपली राष्ट्रीय स्पर्धा त्यांच्या नावाने चालते आणि त्यांच्या राजनिष्ठेचा हिशेब कोणी मागत नाही. जामसाहेबांना जी सवलत आहे ती बाळूंना असू नये काय?

म्हणून मागणी दोन ठिकाणी करावयाची आहे. परिषदेने १९३२ पूर्वीच्या हिंदी खेळाडूंचा विचार करण्यासाठी समिती नेमावी आणि बाळूंना ‘प्रवर्तक’, ‘विशेष’ असले बिल्ले न लावता मुख्य यादीत घ्यावे. आणि विद्यापीठाच्या मराठी अभ्यासमंडळावर जे आपले मित्र आहेत, त्यांनी पुढच्या पुनर्रचनेच्या वेळी विठ्ठलांचे पुस्तक आत्मचरित्राच्या पत्रिकेत प्रस्तावित करावे. प्रती मिळत नाहीत, ही सबब ऐकू येईलच. ग्रंथालयातून एक प्रत मिळवून तिचे पुनर्मुद्रण करणे हे काम एखाद्या प्रकाशकाला अवघड नाही. अभ्यासक्रमात लागले की तो आपणहून दारात येईल.